जुन्या खिडक्या काढण्याआधी एकदा तपासा

ईद जवळ आली, घरात लग्न ठरले किंवा आखातातून कोणी सुट्टीवर आले, की आपल्या घरांत एक विषय हमखास निघतो. जुन्या खिडक्या लागत नाहीत, लागल्या तर उघडत नाहीत, पावसाचे पाणी आत येते, रंग उडाला आहे. तेव्हा त्या काढून टाकू आणि सरकत्या अॅल्युमिनियमच्या बसवू. दोन दिवसांत माणूस येऊन माप घेऊन जातो, आठवड्यात चौकटी उखडल्या जातात आणि जुने लाकूड परसात सरपणाच्या ढिगावर पडते, नाहीतर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते.

या निर्णयाआधी वाचकांनी एक दिवस थांबावे, अशी आमची विनंती आहे. कोकणातील बऱ्याच घरांत आम्ही पाहिले आहे की, 'खराब झाली' म्हणून काढलेल्या खिडकीत खरा बिघाड हाताच्या पंजाएवढ्या जागेत होता. बाकीचे लाकूड आज बाजारात मागूनही सहज मिळणार नाही. चांगली वस्तू टाकून देऊन तिच्या जागी हलकी विकत घेणे हा इसराफच म्हणायचा.

आपल्या खिडकीत काय आहे?

रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गातील जुन्या घरांच्या खिडक्या सागवान, फणस, शिवण किंवा ऐन या लाकडांच्या असतात. किनाऱ्यावरील आपल्या अनेक कुटुंबांतील पुरुष एकेकाळी जहाजांवर होते. रंगून, मोंबासा, केपटाऊन ही नावे घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात शेजारच्या गावासारखी येत. ब्रह्मदेशचे सागवानही मुंबई बंदरात मोठ्या प्रमाणावर उतरत असे. त्या व्यापारातील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ सालची आहे. त्यामुळे मुंबईच्या जुन्या चाळींत आणि किनाऱ्यावरच्या काही घरांत ब्रह्मी सागवानही सापडते.

सावकाश वाढलेल्या जुन्या सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. म्हणून वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. सालीजवळचे पांढरट लाकूड मात्र ती खाते. आज कमी वयाच्या झाडांचे जे साग मिळते, त्यात हा पांढरट भाग जास्त असतो. घरातली शंभर वर्षांची चौकट टाकून नवी 'सागवानी' चौकट आणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

दुसरी गोष्ट रचनेची. जुन्या खिडकीला पुष्कळदा चार झडपा असतात, दोन वर आणि दोन खाली. खालच्या बंद ठेवल्या की रस्त्यावरून आत दिसत नाही, वरच्या उघड्या ठेवल्या की उजेड आणि वारा येतो. पडद्याची सोय आणि हवा, दोन्ही एकाच खिडकीत. झिलमिलीच्या झडपा असतील तर पाऊस सुरू असतानाही वारा चालू राहतो. दोन काचांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. म्हणजे जितके भोक भिंतीत आहे, त्याच्या निम्मीच हवा मिळते. मे महिन्यात वीज गेली की हा हिशेब घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना सर्वांत आधी कळतो.

आधी तपासणी

तपासणीला एक दाभण किंवा पातळ पेचकस, एक खडू आणि बॅटरी एवढे पुरे.

दाभण खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत टोचून पाहावे. पाणी तिथेच साचते, म्हणून कुजणेही तिथूनच सुरू होते. टोक जेमतेम रुतले तर लाकूड शाबूत आहे. लोण्यात जावे तसे आत गेले तर तेवढा भाग गेलेला आहे. रंगावर फसू नये. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या जाड ऑइल पेंटच्या थराखाली लाकूड भुसभुशीत झालेले असते, कारण रंगाच्या भेगेतून शिरलेले पाणी त्या थरामुळे बाहेर पडू शकत नाही.

नंतर बारीक भोके पाहावीत. भोकांखाली पिठासारखी ताजी पूड पडत असेल तर किडा अजून आत आहे. खात्री करायची असेल तर जागा पुसून खाली पांढरा कागद ठेवावा आणि चार-पाच दिवसांनी पाहावे. भिंतीवरून चौकटीकडे मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर ती वाळवी आहे. अशा वेळी केवळ खिडकी दुरुस्त करून भागत नाही. ती कोठून येते ते शोधून जमिनीपासून बंदोबस्त करावा लागतो आणि ते काम जाणकारावर सोपवावे.

शेवटी चौकट हलवून पाहावी. चौकट भिंतीत घट्ट असेल आणि उभ्या लाकडांचे तीन हिस्से शाबूत असतील, तर ती खिडकी दुरुस्तीची आहे, टाकण्याची नाही. उभी लाकडे आतून पोखरून पोकळ झाली असतील आणि ठोकल्यावर डब्यासारखा आवाज येत असेल, तर मात्र बदलणेच योग्य.

काम कधी काढावे?

पाऊस संपून लाकूड पूर्ण वाळल्यावर, म्हणजे जानेवारी ते मे या काळात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, पाऊस मात्र जूनमध्येच येतो. म्हणून खिडक्यांचे काम ईदच्या तारखेला बांधू नये, ऋतूला बांधावे.

पावसात खिडकी फुगून अडकली की लगेच रंधा मारणारे पुष्कळ आहेत. जुलैत रंधलेली झडप मार्चमध्ये आकसते आणि बोटभर फट पडते. पावसात जिथे अडकते तिथे खडूची खूण करून ठेवावी आणि रंधा उन्हाळ्यात, तोही बेताने मारावा. सगळ्या खिडक्या एकदम काढू नयेत. एक काढावी, पूर्ण करावी, मग दुसरी. घर उघडे पडत नाही आणि पहिल्या खिडकीवर शिकलेले दुसरीला उपयोगी पडते.

अडकणारी आणि लोंबणारी झडप

झडप अडकते याचे कारण निम्म्या वेळा लाकूड नसते, बिजागरी असते. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले की झडप पुढच्या बाजूने खाली झुकते आणि चौकटीच्या खालच्या लाकडावर घासते. तिथे रंधा मारणे म्हणजे दुखणे पायात आणि औषध हाताला.

स्क्रू काढावा. भोक मोठे झाले असेल तर त्यात लाकडाच्या गोंदात बुडवलेल्या बांबूच्या काड्या घट्ट ठोकाव्यात, एक दिवस वाळू द्याव्यात, वर आलेला भाग कापावा आणि नवे बारीक भोक पाडून स्क्रू बसवावा. खाऱ्या वाऱ्याच्या गावात लोखंडी स्क्रू लवकर गंजतो. गंजलेले लोखंड फुगते आणि लाकूड चिरते. म्हणून पितळी स्क्रू वापरावेत. पितळ मऊ असते, जोर केला की माथा तुटतो. त्यासाठी सुतार आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घेतात आणि मग पितळी स्क्रूला साबण किंवा मेण लावून बसवतात.

झडपेचे कोपरे सैल झाले असतील तर पाहावे: आडव्या पट्टीची जीभ उभ्या पट्टीच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते. ती खुंटी काढून, जुना मळ साफ करून, पाण्याला टिकणारा गोंद लावून नवी खुंटी ठोकली की झडप पुन्हा काटकोनात येते. वरून लोखंडी पट्टी ठोकणे हा घाईचा इलाज. दोन पावसाळ्यांत ती गंजते आणि खालचे लाकूडही घेऊन जाते.

कुजलेला भाग

लाकूड कुजवणारी बुरशी ओलाव्यावर जगते. लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. म्हणून दुरुस्तीचा पहिला अर्धा भाग म्हणजे पाणी कोठून येते ते शोधणे. कौल सरकले आहे का? पन्हळ फुटली आहे का? खिडकीवरची पावसाळी मोडली आहे का? हे न करता लाकूड जोडले तर तोच जोड पुन्हा कुजतो.

त्यानंतर पटाशीने मऊ भाग कठीण लाकूड लागेपर्यंत काढावा आणि जागा काही दिवस उन्हात वाळू द्यावी. खड्डा सुपारीएवढा असेल तर बाजारात मिळणारी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरता येते. गोंद आणि भुसा यांची लांबी घरातल्या टेबलाला चालते, पावसाच्या तोंडावरच्या लाकडाला नाही.

भाग मोठा असेल, समजा खालच्या पट्टीचा वीतभर तुकडा गेला असेल, तर लाकडालाच लाकूड जोडावे. तिरका काप घ्यावा म्हणजे गोंदाला जागा जास्त मिळते. कापाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा म्हणजे पाणी आत न शिरता खाली ओघळते. जोडाचा तुकडा त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा असावा आणि रेषा एकाच दिशेने जाव्यात. असे तुकडे घरातच माळ्यावर सापडतात. मोडक्या दाराची पट्टी, जुन्या पलंगाचा पाय टाकू नये. मुंबईत चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात जुन्या पितळी कड्या, बिजागऱ्या आणि लाकूड शोधता येते.

कोकणात होड्यांना आणि लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी चाल आहे. किडीपासून ते लाकूड राखते, पण कातडीवर पडले तर फोड येतात. हातमोजे घालूनच लावावे आणि मुलांना दूर ठेवावे. चौकट भिंतीतून काढलीच असेल तर तिची भिंतीकडची बाजू डांबराने रंगवून मगच परत बसवावी. जांभा दगड पाणी शोषतो आणि ते लाकडाला देतो.

तावदान बसवणे

काच बसवण्याची जुनी लांबी घरी करता येते. खडूची बारीक पूड घ्यावी आणि अळशीचे तेल थोडे थोडे घालत चपातीच्या कणकेसारखी मळावी. हाताला चिकटेनाशी झाली की तयार. ज्यांचा हात रोज कणकेत असतो, त्यांना हे काम सुताराहून चांगले जमते असा आमचा अनुभव आहे.

जुनी लांबी पटाशीने हळूहळू काढावी, हातमोजे आणि चष्मा घालून. उघड्या लाकडाला आधी अळशीच्या तेलाचा एक हात द्यावा. कोरडे लाकूड लांबीतले तेल पिऊन टाकते आणि मग लांबीला भेगा पडतात. काच खाचेच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान कापून घ्यावी. खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच, बाजूंनी बारीक खिळे आणि वरून पुन्हा लांबीचा उतरता थर. तो उतार पाण्यासाठी असतो. रंग लावण्याआधी एक-दोन आठवडे थांबावे.

जुना रंग घासताना सावध

या मजकुरातील इतर काही विसरले तरी चालेल, हे विसरू नये. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा केंद्र सरकारचा नियम २०१६ सालचा आहे आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या खिडकीच्या थरांत शिसे असू शकते असे धरूनच चालावे.

शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला अपाय करते. म्हणून कोरडा पॉलिश पेपर किंवा मशीन चालवू नये, रंग जाळूनही काढू नये. पाणी शिंपडून ओला पॉलिश पेपर वापरावा. तोंडाला चांगला मास्क असावा. खाली प्लास्टिक अंथरावे, काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, हात-तोंड धुऊन कपडे वेगळे धुवावेत. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर झडप काढून बाहेर अंगणात काम करावे. जो रंग घट्ट बसलेला आहे तो उगाच खरवडू नये. उडालेला तेवढाच काढावा.

रंग दोन पातळ हातांत द्यावा, एका जाड थरात नाही. झडपेची वरची आणि खालची कड रंगवायला माणसे विसरतात, कारण ती दिसत नाही. लाकडाच्या उभ्या रेषांची टोके नेमकी तिथे उघडी असतात आणि पाणी बाजूपेक्षा टोकातून कितीतरी वेगाने शिरते. एवढी एक कड रंगवली तरी खिडकीचे आयुष्य वाढते. गजांना तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड लावावा आणि गज जिथे चौकटीत शिरतो ते भोक लांबीने बुजवावे.

रंगाऐवजी तेल लावणार असाल तर एक इशारा. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काम झाले की ती पाण्यात बुडवावीत किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवावीत.

कडी आणि छप्पर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागातील आपल्या किती तरी घरांची छपरे त्या दिवशी गेली. वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली किंवा कडी तुटून उघडली की वारा घरात कोंडतो आणि छपराला आतून वर रेटतो. बाहेरचा वारा छप्पर उपसत असतोच. दोन्ही जोर एकत्र आले की कौले, पत्रे राहत नाहीत. म्हणून कडी-कोयंडा ही किरकोळ वस्तू समजू नये. प्रत्येक झडपेला वर आणि खाली, दोन्हीकडे खिट्टी असावी, ती लाकडात खोल बसलेली असावी आणि मे संपण्याआधी प्रत्येक खिट्टी हाताने ओढून पाहावी.

घर अनेकांचे असेल तर

आता एक नाजूक गोष्ट. आपली बरीच जुनी घरे आजही आजोबांच्या नावावर आहेत. एक भाऊ घरात राहतो, दुसरा कुवेतला, बहिणी सासरी. जुन्या कोरीव चौकटींना शहरात गिऱ्हाईक आहे, हे आता दलालांना ठाऊक झाले आहे. 'जुने लाकूड घेऊन जातो, वर नव्या खिडक्या बसवून देतो' असे सांगत ते येतात. घरात राहणाऱ्याला सौदा फायद्याचा वाटतो. पण त्या चौकटीत बहिणींचाही वाटा आहे. घराच्या भिंतीत, जमिनीत जसा आहे, तसाच लाकडातही. न विचारता विकलेली खिडकी पुढे बहीण-भावाच्या बोलण्यात वर्षानुवर्षे सलते.

त्यासाठी उपाय साधा आहे. कामाआधी प्रत्येक खिडकीचा फोटो काढून सर्वांना पाठवावा. काय दुरुस्त होणार, काय बदलणार, खर्च किती, कोण किती देणार हे लिहून काढावे. निघालेले लाकूड आणि पितळ कोणाकडे राहील तेही लिहावे. दुरुस्ती बदलण्यापेक्षा स्वस्त पडते की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. दोन सुतारांकडून एकाच खिडकीचा खर्च विचारावा आणि मग भावंडांसमोर ठेवावा.

सुतार निवडताना जुने काम केलेला माणूस शोधावा. 'हे काढूनच टाका' असे खिडकीला हात न लावता सांगणारा आपल्या कामाचा नाही. दुरुस्तीचे काम ठोक रकमेपेक्षा रोजंदारीवर बरे होते, कारण आत काय निघेल ते आधी कळत नाही. आणि रोजचा हिशेब रोज चुकता करावा. कष्टकऱ्याची मजुरी अडवून ठेवू नये, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणीच शिकवले जाते. घरातली तरुण मुले, मुलीही, त्याच्या हाताखाली चार दिवस उभी राहिली तर बिजागरी बसवणे आणि लांबी लावणे ती सहज शिकतील. पुढची वीस वर्षे घराला त्याचा उपयोग होईल.

वर्षाचे वेळापत्रक

ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला की खालचे कोपरे दाभणाने तपासावेत आणि जिथे पाणी आले तिथे खूण करावी. डिसेंबरपर्यंत भावंडांशी बोलणे आणि सुताराशी ठरवणे उरकावे. जानेवारीपासून लाकडाचे काम, मार्च-एप्रिलमध्ये लांबी आणि रंग. मेच्या शेवटी कड्या-खिट्ट्या, बिजागऱ्यांना तेल, पन्हळ साफ. पहिल्या मोठ्या पावसात प्रत्येक खिडकीपाशी आतून उभे राहून हात फिरवून पाहावा. कोठे ओल लागली तर ती जागा वहीत लिहून ठेवावी आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये काम तिथूनच सुरू करावे.